श्रीमंत बसराई

फळाच्या नावाचा खलनायक हवाय, असं टेबलावर नुसतं म्हणून बघा. प्रत्येकाला लगेच एक नाव सुचतं, आणि ते हमखास टाकाऊ असतं. कलिंगासुर, फणसासुर, चिकूशेठ, डाळिंब्या दरोडेखोर. एकाने ‘पपयासुर’ म्हटलं की दुसरा पोट धरून हसतो, तिसरा त्याचा आवाज काढून दाखवतो, आणि तेवढ्यात त्या खलनायकाचं आयुष्य संपलेलं असतं. मला मात्र तो तीन-चार महिने जिवंत ठेवायचा असतो.

मी रोलप्लेइंग खेळांच्या मोहिमा लिहिते. पुण्यात या खेळांची चांगली वस्ती आहे, तरी बाहेरच्यांना अजून सगळं समजावून सांगावं लागतं. तर थोडक्यात असं: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. मी तलवार उपसते, मी खिडकीतून उडी मारतो, असं जो तो तोंडाने सांगतो, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला ‘डीएम’ म्हणतात. या सगळ्याचं मूळ अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या गावात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली तिथून बाहेर पडला आणि जगभर गेला.

माझ्याकडे आलेलं काम एका छोट्या प्रकाशकाचं होतं. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी मोहीम, सगळा मुलूख फळबागांचा आणि खलनायक फळातला. चित्रकाराला काम सुरू करायचं होतं म्हणून नाव आधी हवं होतं, गोष्ट मागाहून आली तरी चालणार होती. लिहिणाऱ्याला हा क्रम उलटा वाटतो. मला तो बरा वाटतो. नाव पक्कं असलं की माणूस कसा चालतो, कुणावर ओरडतो, काय जेवतो हे आपोआप दिसायला लागतं.

या खेळातल्या थोर खलनायकांची नावं काही फार तपश्चर्येतून आलेली नाहीत. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे 2022 पासून घराघरांत पोचलेला व्हेक्ना घ्या. विज्ञानकथा लिहिणाऱ्या जॅक व्हान्सच्या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली, झाला व्हेक्ना. ड्रॉमिज नावाचा जादूगार म्हणजे जिम वॉर्ड हे नाव शेवटाकडून वाचलेलं. गायगॅक्सने स्वतःचंच आडनाव उलटं करून झॅगिग केला. त्याच्या मुलाच्या पात्राचं नाव मेल्फ, कारण पात्राच्या कागदावर पुरुष म्हणून ‘एम’ आणि त्यापुढे ‘एल्फ’ असं लिहिलेलं होतं. ही गंमत कळली तरी व्हेक्नाची भीती कमी होत नाही. नाव कुठून उचललं याला टेबलावर किंमत नसते, ते तोंडात कसं बसतं यालाच असते.

टेबल म्हणजे आमचं टेबल. रविवारी दुपारी बसायचं, कुणीतरी उशिरा यायचं, वडापावच्या पुड्या नकाशावर ठेवायच्या नाहीत असं मी दर वेळी बजावायचं आणि त्या तिथेच ठेवल्या जायच्या. अशा जागी ‘झार-उल-मेथ्रिअन’ वगैरे नाव तासभरसुद्धा टिकत नाही. दुसऱ्या चकमकीपर्यंत त्याचा ‘तो जांभळा’ होतो. खेळाडू नाव तोडतात, त्याला चिडवतात, त्याचं लाडाचं रूप करतात. म्हणून मी नाव लिहिल्यावर आधी ते वाईटात वाईट कसं मोडेल हे बघते. मोडून जे उरेल त्याचीही जरब वाटली पाहिजे, कारण पुढचे महिने तेच वापरलं जाणार असतं.

‘असुर’ लावलेली नावं मी आल्यापावली परत पाठवते. हसू येतं हे त्याचं खरं कारण नाही. असुर म्हटलं की वध आलाच. महिषासुर, नरकासुर, बकासुर: ऐकणाऱ्याला गोष्टीचा शेवट नावातच कळलेला असतो. कोवळ्या मुलालाही ठाऊक असतं की हा मरायलाच आला आहे. माझ्या खलनायकाचं मात्र चांगलं चाललेलं असायला हवं. लोक त्याच्याकडे नोकऱ्या मागायला जात असले तर उत्तम.

फळातला जुलमी राजा म्हटला की मला पहिला आठवतो लिंबूराजपुत्र. जान्नी रोदारी या इटालियन लेखकाची ‘चिपोल्लिनो’ची कादंबरी 1951 साली आली. नायक कांद्याचा पोरगा, टोमॅटो सरदार, आणि सर्वांच्या वर राजपुत्र लिंबू. त्याचे शिपाईही लिंबंच, डोक्यावर घंटा बांधलेले. चिपोल्लिनोच्या बापाचा गर्दीत चुकून राजपुत्राच्या पायावर पाय पडतो, आणि एवढ्यावरून म्हातारा तुरुंगात जातो. पुस्तक सोव्हिएत रशियात अफाट वाचलं गेलं, 1961 साली तिथे त्यावर ॲनिमेशनपटही निघाला. रोदारीचा लिंबू दिसायला विनोदीच आहे. पण पायावर पाय पडला तर काय होतं ते पहिल्याच प्रकरणात कळल्यावर त्या घंटांचं हसू येत नाही. मला रोदारीकडून एवढंच उचलायचं होतं: फळ कितीही हास्यास्पद असू दे, त्याच्या राज्यातला कायदा हास्यास्पद ठेवायचा नाही. 2020 साली ‘डायमेन्शन 20’ या अमेरिकन कार्यक्रमाने ‘अ क्राउन ऑफ कँडी’ नावाची मोहीम खेळून दाखवली. त्यात मिठाईचं राज्य आहे, फळांचं आहे, भाज्यांचं आहे, आणि राजकारण इतकं रक्ताळलेलं की गोळ्या-चॉकलेटांचे मुडदे बघून माणूस गप्प होतो. तिथेही युक्ती तीच.

मग मी विषारी फळांकडे वळले, कारण सोपा रस्ता सगळ्यांनाच आधी दिसतो. कॅरिबियन किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं. फळ लहान हिरव्या सफरचंदासारखं. स्पॅनिशमध्ये त्याला ‘मृत्यूचं छोटं सफरचंद’ म्हणतात. पावसात त्या झाडाखाली नुसतं उभं राहिलं तरी चिकाचं पाणी अंगावर पडून फोड येतात. आपल्याकडे कोकणात काजरा आहे. पिकला की नारिंगी, गोल, उचलून खिशात टाकावा असा देखणा, आणि आतल्या बियांत स्ट्रिक्निन. संतांनी दाखल्याला घेतलेलं कडू वृंदावनही याच जातकुळीतलं, बाहेरून साजरं आणि आत नुसता कडवटपणा. दिवसभर मी या मंडळींची यादी करत बसले आणि संध्याकाळी बाजूला ठेवली. विषारी फळाचा खलनायक झाला तर नवल काय? तो कुणाला आवडत नाही, त्याच्या बाजूने कुणी भांडत नाही, त्याला मारताना कुणाचा हात अडखळत नाही.

त्या यादीतलं एक नाव मात्र मी ठेवून घेतलं. बिब्बा. झाडावरचा बिब्बा जवळून बघितलाय? खाली नारिंगी, मांसल, खाता येण्यासारखा भाग, आणि त्याच्या टोकाला काळीकुळकुळीत चपटी बी. त्या बियेचं तेल कातडीला लागलं तर फोड येतो. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायचे त्या याच्याच, धुऊन न जाणाऱ्या. आणि तीच बी नीट फोडली की आतून निघते गोडंबी, जी थंडीतल्या लाडवात आपण कौतुकाने घालतो. खलनायकाची कारभारीण मला तिथेच मिळाली. गोडंबीबाई. सगळ्यांशी मऊ बोलणारी, दोन घरांत बिब्बा घालून निघून जाणारी, आणि तिने एकदा खूण केली की ती न पुसली जाणारी. बाईंना नाव शोधावं लागलं नाही, त्या नावासकट आल्या.

मुख्य जागा रिकामीच होती. गटातल्या कॉलेजच्या पोराने हापूस सुचवला, आणि तो दिसतो त्याहून चांगला विचार होता. हापूस हे नाव अफोंसोवरून आलं, अफोंसो द आल्बुकर्क, ज्याने 1510 साली गोवा घेतला. मुलूख जिंकणाऱ्याचं नाव पाचशे वर्षांनी आपण पेटीवर डझनाच्या भावाने लिहितो. कलमं बांधून आंबा सुधारला तोही पोर्तुगीज काळात. ‘दों अफोंसो’ असं नाव, पिवळा झगा, कपाळावर कोयरीचं गोंदण, दर वसंतात चढाई: चित्रकार खूश झाला असता. पण आमचे डॉक्टर, म्हणजे गटातले दंतवैद्य, शांतपणे म्हणाले, “मे महिन्यात मी हापूसवर तलवार उचलणार नाही.” आणि खरंच होतं ते. हापूसचा खलनायक केला असता तर अर्धं टेबल फितूर झालं असतं.

केळं मात्र आम्हाला सुचलंच नव्हतं. ते आलं आमच्या गटातल्या बँकवाल्याकडून. हा मूळचा रावेरचा, घरी केळीची बाग. एका रविवारी तो गावाहून परस्पर आला तो हिरमुसला होऊन. बागेत रोग आलेला, काकांनी झाडं उपटून टाकलेली. तो म्हणाला, “ताई, एक झाड आजारी पडलं ना, की बाकीची काय वेगळी थोडीच आहेत? सगळी तीच.” आणि मग समोसा हातात धरून त्याने आम्हाला केळी शिकवली. बाजारातल्या केळ्यात बी नसतं. झाडाच्या बुडाशी मुनवे फुटतात, तेच काढून लावायचे, किंवा आता टिश्यू कल्चरची रोपं आणायची. म्हणजे एका शिवारातलं प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब प्रत. रावेर-यावल भागात बहुतेक सगळीकडे ‘जी-नाइन’. हे ‘ग्रँड नैन’चं शेतकऱ्यांनी सुटसुटीत केलेलं रूप. ग्रँड नैन हे फ्रेंच, अर्थ ‘मोठा बुटका’. त्याच्या आधी ‘श्रीमंती’ होती, ‘बसराई’ होती. सगळी कॅव्हेंडिश गोतावळ्यातलीच.

मी वहीत लिहीत सुटले. कॅव्हेंडिश हे नाव आलं इंग्लंडच्या डेव्हनशायरच्या ड्यूकवरून, त्याचं घराणं कॅव्हेंडिश. चॅट्सवर्थच्या त्याच्या काचघरात माळी जोसेफ पॅक्स्टन याने 1830च्या दशकात हे झाड वाढवलं. त्या काळी व्यापारात राज्य होतं दुसऱ्या केळ्याचं, ग्रो मिशेल, म्हणजे ‘लठ्ठ मिशेल’. त्याला पनामा मर रोगाने गाठलं आणि 1950–60च्या सुमाराला निर्यातीतून तो उठलाच. त्याच्या गादीवर कॅव्हेंडिश बसला, कारण त्याला तो रोग होत नव्हता. आता त्या रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही धरतो, 2019 साली तो कोलंबियात सापडला. बुरशी मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहते. गादी, वारस, मातीतला शत्रू, एका चेहऱ्याचं सैन्य. मला काही रचावं लागलं नाही, सगळं शेतातूनच आलं.

आणि कायदा? तो इतिहासात तयार होता. युनायटेड फ्रूट ही अमेरिकन कंपनी 1899 साली उभी राहिली. मध्य अमेरिकेत रेल्वे तिची, बंदरं तिची, जमीन तिची. लोक तिला ‘ऑक्टोपस’ म्हणायचे. 1928च्या डिसेंबरात कोलंबियात तिच्या संपकरी मजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. 1954 साली ग्वाटेमालात जमीनसुधारणा करणारं आर्बेंझ यांचं सरकार सीआयएने उलथवलं, त्यामागे याच कंपनीच्या पडीक जमिनींचं दुखणं होतं. ‘बनाना रिपब्लिक’ हा शब्द ओ. हेन्रीने 1904 साली वापरला तो होंडुरासमध्ये राहून आल्यावर. बारा वर्षांच्या मुलांच्या खेळात मी गोळीबार आणणार नव्हते, पण यंत्रणा मला हवी होती: रस्ता त्याचा, घाट त्याचा, वजनकाटा त्याचा. तो कुणाला मारत नाही. तो फुकट रोपं देतो. फक्त अट अशी की तुमची बोरं, जांभळं, करवंदं उपटा आणि माझे मुनवे लावा. पुढच्या वर्षी सगळा मुलूख पोटभर खातो आणि सगळा मुलूख त्याचा देणेकरी असतो.

‘श्रीमंती’ आणि ‘बसराई’ वहीच्या एकाच ओळीत शेजारी पडली होती. श्रीमंत बसराई. मी ते मोठ्याने वाचलं आणि डॉक्टर म्हणाले, “कोण हे? सरदार घराण्यातले का?” फळ कुणालाच दिसलं नाही. रावेरकराला दिसलं, पण तो गालात हसला आणि गप्प राहिला. त्याचं ते गप्प राहणं बघितलं आणि मी नाव पक्कं केलं. ज्याला माहीत आहे त्याने गुपित सांभाळावं असं वाटणं, हे मला हशापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

मोडून बघायची वेळ आली तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती इंग्रजी मोहिमा चालवताना कधी आलीच नसती. पहिल्या सत्रात मी गावच्या पाटलाच्या तोंडी वाक्य टाकलं: “श्रीमंत उद्या येतायत, काट्यापाशी उभे राहा.” बस. त्या क्षणापासून सगळं टेबल त्याच्याबद्दल बहुवचनात बोलायला लागलं. श्रीमंतांनी निरोप धाडलाय. श्रीमंतांना काय वाटेल? कॉलेजचं पोरगं, जे माझ्या राक्षसांना सर्रास ‘ए टकल्या’ म्हणतं, तेही “त्यांच्या वाड्यात मागून शिरू या” म्हणालं. ज्याला लुटायचं त्याला ‘त्यांच्या’! नाव तोडून झालं, चिडवून झालं, ‘बसराईसाहेब’ झालं, ‘केळीवाले श्रीमंत’ सुद्धा पुढे झालं, पण आदरार्थी बहुवचन काही सुटेना. मी फाशावर भीतीचे आकडे ठरवून ठेवले होते, त्यांची गरजच उरली नाही.

मग मी त्याचाच उपयोग करायला लागले. गावातली म्हातारी त्याला ‘ते’ म्हणते, कोतवाल ‘सरकार’ म्हणतो, गोडंबीबाई ‘आमचे श्रीमंत’ म्हणतात. एकटी जंगलातली करवंदं विकणारी पोर त्याला ‘तो’ म्हणते. “तो देतो ती रोपं घेऊ नका.” खेळाडूंनी तिच्याकडे वळून बघितलं ते तिच्या हातात काही जादूची वस्तू होती म्हणून नव्हे. त्या एकेरी उल्लेखाने त्यांना कळलं की बंड कुठे आहे. पुढे वाड्याच्या तळघरात त्यांना शिपाई सापडले, ओळीने, कंदातून अर्धवट वर आलेले, सगळ्यांचा चेहरा एकच, आणि तो चेहरा श्रीमंतांचा. डॉक्टरांच्या पात्राने कट्यार काढली आणि डॉक्टर म्हणाले, “हा सुद्धा यांच्यातलाच एक आहे.” हा. मी पडद्यामागे पेन्सिलने खूण केली. मोहीम तिथून उताराला लागली.

प्रकाशकाचं पत्र आलं ते अपेक्षेप्रमाणे. नाव छान आहे, पण फळ कळत नाही. इंग्रजी आवृत्तीत ‘बॅरन बनाना’ करता येईल का? मी उत्तरात शांतपणे लिहिलं की मुखपृष्ठावर केळीचं पान दाखवा, झग्याचा रंग पिवळा ठेवा, मुकुट फणीसारखा वळवा, हवं तर सिंहासनामागे केळफूल लटकवा, पण नावाला हात लावू नका. मुलं बावळट नसतात. चित्रात केळं आणि तोंडात ‘श्रीमंत’ हे अंतर त्यांनी स्वतः ओलांडलं तर ती मजा त्यांची. शिवाय इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला ‘बसराई’ म्हणायला काय अडचण आहे? तीच मुलं याच खेळातल्या एका खलनायकाला ‘स्ट्राड फॉन झारोविच’ म्हणतातच की. थोडी पत्रापत्री झाली, मानधनाच्या हप्त्याचा विषय मध्येच निघाला आणि मध्येच विरला, शेवटी नाव राहिलं. ‘बॅरन’ही राहिलं नाही, ‘श्रीमंत’ जसंच्या तसं गेलं.

आमच्या टेबलावरचा शेवट मी लिहिला होता त्याहून वेगळा झाला. खेळाडूंना कळलं होतं की जुन्या विहिरीतली काळी माती बागेत टाकली तर सगळं सैन्य महिन्याभरात वाळेल. एकाच प्रतीचं सैन्य, एकच रोग. कॉलेजचं पोरगं पोतं खांद्यावर घेऊन तयारच होतं. रावेरकराने त्याला अडवलं. पात्राच्या आवाजात नाही, स्वतःच्या. “आणि लोक काय खातील? बोरं-जांभळं तर सगळ्यांनी उपटलीत.” त्यावर एक अख्खं सत्र वाद झाला, फासा कुणी हातात घेतला नाही, वडापाव गार झाले. शेवटी त्यांनी माती नाही टाकली. वर्षभर गुपचूप करवंदाच्या जाळ्या आणि बोरी परत लावायच्या, तोवर श्रीमंतांच्या काट्यावर उभं राहून सलाम करायचा असं ठरलं. हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं, आता छापील मोहिमेत एक पर्याय म्हणून आहे.

वर्षाने वाडा पडला, श्रीमंत बसराई पडले. मी भात्यातून शेवटचं वाक्य काढणार तोच रावेरकर म्हणाला, “ताई, घड उतरवला की खोड कापतातच. पण पिलबाग असते ना. बुडाशी मुनवा सोडलेला असतो.” सगळे ओरडले. डॉक्टरांनी फासा टेबलावर आपटला. प्रकाशकाने आता दुसरा भाग मागितलाय आणि त्या खलनायकाचं नावही आधी हवंय. या वेळी मला काही शोधायचं नाही. मुनव्यातून आलेला तो, चेहरा तोच, रक्त तेच, आणि नाव श्रीमंत बसराई. मानधन मात्र मी नव्या नावाचं लावणार आहे.